एक तळहात म्हणजे एक टक्का

बोटं एकमेकांना चिकटवून ठेवलेला पंजा
म्हणजे त्या माणसाच्या कातडीचा एक टक्का.
माप ज्याचं त्यालाच लागू, माझा हात चालत नाही.
हेल्दुरचा हात पाठीपर्यंत पोहोचेना,
म्हणून तो कागदावर ठेवायला लावला,
पेन्सिलीने कड फिरवली, कात्रीने कापला
आणि त्या कागदी हाताने त्याची पाठ मोजली.
एकोणीस हात.
"पाठीवरून हात फिरवणारं कुणीतरी भेटलं म्हणायचं,"
तो भिंतीकडे बघत बोलला.

तार्तूच्या या दवाखान्यात तो बेटावरून येई.
आधी फेरीबोट, मग बस,
डब्यात काळा पाव आणि उकडलेलं अंडं.
चाचणीत त्याला नाव नाही. एक्केचाळीस.
कुपीत औषध आहे की नुसतं मीठपाणी
हे त्याला ठाऊक नाही, मला नाही,
डॉक्टर विइरेंनाही नाही.
ठाऊक आहे ते तालिनमधल्या एका कपाटाला.

खरं तर आम्हाला त्याची कातडी नकोच होती.
सोरायसिसची जी आग कोपरांवर दिसते
तीच धमनीच्या भिंतीत धुमसते का,
वरची विझवली तर आतली विझते का,
एवढंच विचारायचं होतं.
म्हणून बोट टोचून साखर, दंडाला पट्टा,
मानेवर थंडगार जेल, पडद्यावर करडी नळी.
त्याला स्वतःची मान बघायला आवडे.
"आत तर काही डाग दिसत नाही," म्हणे.

अकरा वर्षं तो सौनात गेला नव्हता.
शनिवारी घरचे सगळे एका लाकडी खोलीत घाम गाळत,
हा बाहेर सरपण फोडत बसे.
काळं काही घालत नसे,
खांद्यांवर पांढरं पडे, ऐन मे महिन्यातही.
लेइडाच्या दफनाला राखाडी कोटात उभा राहिला.
तिच्या बहिणी अजून त्यावरून बोलतात.

सातव्या इंजेक्शननंतर
कागदी हात पाठीला मोठा व्हायला लागला.
नऊ. चार. मग कमरेशी बोटाएवढं.
मी आकडा लिहिला, चेहरा कोरा ठेवला.
त्या शनिवारी तो आत गेला.
मेहुणा उल्दो तापल्या दगडांवर पाणी ओतता ओतता थांबला
आणि एवढंच म्हणाला, "सरक जरा."

एप्रिलात पाकिटं उघडली.
एक्केचाळीस: औषध.
त्याच्याखाली निकाल: धमनीच्या भिंतीत
दोन्ही गटांत फरक नाही.
'नाही' हेसुद्धा उत्तरच असतं,
मी नव्या मुलींना शिकवते.
कंपनीने पुढच्या कुप्या थांबवल्या.
कातडी आमच्या तक्त्यात दुसऱ्या पानावर होती.

फोनवर सांगणं माझ्या जिवावर आलं.
तो आला तेव्हा अंगात काळा कोट,
नवाकोरा, खिशाचा टाकाही उसवलेला नाही.
"लेइडाला दाखवून आलो," म्हणाला.
मग मी सांगितलं. सगळं.
चार-सहा महिन्यांत परत येईल.
दुसरी औषधं आहेत, अर्ज करू, रांग मोठी आहे.
त्याने तक्ता मागितला.
"यात मी कुठल्या ओळीत?"
सरासरीत, म्हटलं, बाकीच्यांत विरघळलेला.
"मीठपाण्यात," तो म्हणाला,
आणि हसला की नाही ते कळलं नाही.

सप्टेंबरात पुन्हा आला, असाच, कामाशिवाय.
वर्तमानपत्रात गुंडाळलेले धुरी दिलेले मासे टेबलावर ठेवले.
तोच कोट.
खांद्यांवर पांढरं.
झटकलं नव्हतं.

कागदी हात फाइलमध्ये आहे,
नियमाप्रमाणे पुष्कळ वर्षं जपायचा.
काल काढून पाहिला.
अंगठ्यापाशी माझी कात्री जरा आत गेली होती,
म्हणजे त्याचे सगळे आकडे
किंचित जास्त धरले गेले.